मृगातील जागल

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडले असून, घाटावरच्या भागात, जिथे बुलढाणा तालुक्याची हद्द जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याजवळ येते, तिथे धाड हे गाव आहे. या परिसरातील जमीन एकसारखी नाही. नाल्याकाठी काळी कसदार राने, थोडे वर गेले की मुरमाड हलकी जमीन आणि त्याहीवर कुसळी गवताचे माळ व बोरी-बाभळींची झुडपे अशी तिची उतरंड आहे. चरायला गवत, लपायला झुडूप, प्यायला नाला आणि जून उजाडला की कोवळे पीक, हे सारे हरणाला इथे थोड्याथोडक्या अंतरावर मिळत असल्यामुळे माळ आणि शेत यांमधला बांध हीच माणूस व वन्यप्राणी यांच्यातली सीमा ठरते, आणि दिवसा बहुतांशी टिकणारी ही सीमा रात्री टिकत नाही.

उकाड्याच्या दिवसांत डास, गोचीड आणि साप यांच्या सोबतीने हरणांवर नजर ठेवून बसणारा माणूस जगात दोन प्रकारचा आढळतो. एक हौसेने शिकार करणारा, जो आपला हंगाम, आपली जागा आणि आपला पोशाख स्वतः निवडतो. आणि दुसरा पीक राखणारा शेतकरी, ज्याला यांपैकी काहीच निवडता येत नाही. भारतात पहिल्या माणसाला कायद्याने जागा उरलेली नाही, मात्र दुसऱ्याची जागल, म्हणजे रात्रभर शेतात जागून पीक राखण्याचे काम, दरवर्षी नेमाने सुरू होते. शिकाऱ्याने स्वतःच्या बचावासाठी जे ज्ञान आणि जी साधने जमवली ती या राखणदारापर्यंत का पोहोचली नाहीत, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

बोलण्यात ज्यांना सरसकट हरणे म्हटले जाते त्यांत प्राणिशास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळी कुळे आहेत. चितळ, सांबर आणि भेकर हे खरे मृगकुलातील प्राणी असून त्यांच्या नरांना फांद्या फुटलेली भरीव शिंगे येतात, ती ठरावीक काळाने गळून पडतात आणि पुन्हा नव्याने वाढतात. काळवीट, चिंकारा आणि विदर्भात ज्याला रोही म्हणतात तो नीलगाय हा प्राणी गाई-बकऱ्यांच्या कुळातले, म्हणजे कुरंग आहेत. त्यांची शिंगे आतून पोकळ असतात व जन्मभर टिकतात. मृगकुलातील प्राण्यांना झाडी लागते आणि ती बुलढाणा-खामगाव दरम्यानच्या सुमारे 205 चौरस किलोमीटरच्या ज्ञानगंगा अभयारण्यात मिळते. काळवीट व रोही यांना मात्र उघडा माळ आणि त्याला लागून असलेली शेती अधिक मानवते, त्यामुळे घाटावरच्या शेतकऱ्याची गाठ पडते ती मुख्यतः या दोघांशी आणि त्यांच्या जोडीला रानडुकराशी.

जुन्या वऱ्हाडात शिकारीचा हंगाम हा भर उन्हाळ्याचा होता, आणि त्यामागे पक्की कारणे होती. फाल्गुनानंतर पानगळ होऊन रान विरळ होते, गवत वाळते किंवा वणव्यात जळते, डोंगरातले झरे आटतात आणि उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर सर्व प्राण्यांना यावेच लागते. म्हणून इंग्रज अधिकारी मार्च ते जून या महिन्यांत तंबू घेऊन जंगलात उतरत. कॅप्टन फोर्साइथ यांच्या 1871 साली प्रसिद्ध झालेल्या मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील ग्रंथात या उन्हाळी मोहिमांची वर्णने आढळतात. पाऊस सुरू झाला की हीच मंडळी जंगलाकडे पाठ फिरवत, कारण तापाची भीती. हा ताप दूषित हवेमुळे येतो अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती आणि हिवतापाचा डासाशी असलेला संबंध रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत दाखवून दिला तो 1897 च्या ऑगस्टमध्ये. परंतु कारण चुकीचे असले तरी पावसाळ्यात जंगलात मुक्काम करू नये हा निष्कर्ष बरोबर होता आणि ज्याला टाळणे शक्य होते तो ते टाळत असे.

गावातला शिकारी असे टाळू शकत नव्हता, कारण त्याचे पोट त्यावर होते. वऱ्हाडातील फासेपारधी समाजाने माळावरच्या शिकारीची जी पद्धत विकसित केली ती निरीक्षणाच्या बळावर उभी होती. हरणांच्या नेहमीच्या वाटेवर तातीचे किंवा दोरीचे फासे ओळीने जमिनीशी बसवायचे आणि दुसऱ्या बाजूने कळपाला घाई न करता त्या दिशेने वळवायचे; कळप बिथरू नये म्हणून शिकवलेल्या बैलाच्या आडून चालायचे, कारण चरणाऱ्या गुराला हरणे भीत नाहीत. राजेरजवाड्यांकडे काळविटामागे माणसाळवलेला चित्ता सोडण्याची रीत होती आणि कोल्हापूर संस्थानात ती विसाव्या शतकातही चालू होती. या सगळ्यात पारध्याच्या वाट्याला जे आले ते न्यायाचे नव्हते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया या समाजावर पडली. स्वातंत्र्यानंतर 1952 साली तो कायदा रद्द झाला, मात्र संशय उरला आणि पुढे शिकारीवर बंदी आल्यावर उपजीविकाही गेली. माळ, गवत आणि हरीण यांविषयी ज्यांना सर्वांत जास्त कळत होते त्यांचे ज्ञान संरक्षणाच्या कामी घेण्याचे प्रयत्न फार उशिरा आणि फार थोड्या ठिकाणी झाले, ही वऱ्हाडाची मोठी हानी आहे.

कायद्याची आजची स्थिती स्पष्ट आहे. 1912 च्या कायद्याने सरकारला मनाईकाळ, म्हणजे ठरावीक प्राण्यांची शिकार बंद ठेवण्याचा हंगाम, जाहीर करण्याचा अधिकार दिला होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात सुरुवातीला काही प्राण्यांसाठी परवान्याची वाट शिल्लक होती, ती 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली. आता उपद्रवी म्हणून अधिकृतरीत्या जाहीर केलेले प्राणी वगळता शिकारीचा हंगाम असा उरलेलाच नाही. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत असून त्यांच्या शिकारीसाठी 3 ते 7 वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. काळविटाने पिकाचे नुकसान केले, एवढ्या कारणावरून त्याला मारण्याची परवानगी मिळू शकत नाही. रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबतीत मात्र कलम 11 नुसार, उभ्या पिकाचे नुकसान होत असल्यास, अधिकृत वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने कारवाई होऊ शकते आणि महाराष्ट्र शासनाने 2015 साली त्याची कार्यपद्धती ठरवून दिली. प्रत्यक्षात अर्ज, पंचनामा आणि परवानाधारक बंदूकवाला मिळणे या साखळीतून जाईपर्यंत कोवळे पीक संपलेले असते, म्हणून बहुतेक शेतकरी त्या वाटेला न जाता बॅटरी, काठी आणि गोफण घेऊन जागलीला जाणे पसंत करतात.

जागलीचे दिवसही पिकाच्या वाढीने ठरवलेले असतात. मृगाच्या पावसावर पेरलेले सोयाबीन किंवा मूग दोन पानांवर आले की त्याचा शेंडा काळविटाला सर्वांत गोड लागतो आणि तो शेंडा खुडला गेला तर झाड पुन्हा नीट उभे राहत नाही; एका रात्रीत चार तासे साफ झाली की दुबार पेरणीचे बियाणे, खत आणि मजुरी पुन्हा घालावी लागते. रोही खाण्यापेक्षा तुडवून अधिक नासाडी करतो. रानडुक्कर मक्याच्या कणसात दूध भरण्याची वाट पाहतो. म्हणजे जूनच्या मध्यापासून कणसे भरेपर्यंत राखणदाराला सुट्टी नाही, आणि नेमका हाच काळ उकाडा, किडे आणि साप यांचाही असतो.

हा निव्वळ योगायोग नसून त्यामागे उष्णतेचा एक सरळ नियम आहे. दिवसा तापमान चढलेले असते तेव्हा हरीण सावलीत बसून रवंथ करते आणि पहाटे व तिन्हीसांजेला चरते. सापाला स्वतःच्या शरीराचे तापमान आतून राखता येत नाही, त्यामुळे रणरणत्या दुपारी तो बिळात किंवा दगडाखाली राहतो आणि जमीन सोसवेल इतकी निवली की भक्ष्यासाठी बाहेर पडतो. हिवतापाचे डास आणि वाळूमाशी यांचीही वेळ संध्याकाळनंतरची, आणि उन्हात काम न झेपल्यामुळे माणूसही त्याच वेळी शेतात उतरतो. थंडीत दिवसभर विखुरलेली ही सगळी वर्दळ उकाड्यात एकाच अरुंद वेळेत येऊन कोंबली जाते, आणि अपघात होतात ते तिथे. पावसाने बिळांत पाणी शिरले की साप उंच आणि कोरड्या जागेकडे सरकतात; शेतातली उंच आणि कोरडी जागा म्हणजे बांध, आणि राखणदार चालतो तोही बांधावरूनच.

किड्यांच्या बाबतीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते सर्वांत लहान किड्याकडे. चिगर नावाच्या कोळीवर्गीय माइटचे पिल्लू अर्धा मिलिमीटरही भरत नाही. तांबूस रंगाचे हे पिल्लू गवताच्या पात्यावर टपून बसते, पायावर चढते आणि काख, जांघ किंवा कमरपट्ट्याखालची मऊ त्वचा गाठून चावते. त्याच्यामार्फत स्क्रब टायफस हा जिवाणूजन्य ताप होतो, ज्याची खूण म्हणजे चाव्याच्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी दिसणारी काळी, न दुखणारी खपली. न दुखल्यामुळे रोगी ती दाखवत नाही आणि कपडे काढून तपासल्याशिवाय डॉक्टरांनाही ती दिसत नाही. 2018 च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भात या तापाचे अनेक रुग्ण आढळले आणि त्यांत मृत्यूही झाले. डॉक्सिसायक्लीन हे स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर हा आजार बरा होतो. ताप, अंगदुखी आणि गवतातला वावर एवढे तीन धागे जुळले तरी डॉक्टरांना खपलीची तपासणी करायला सांगावे. गोचिडीचा धोका वेगळा आहे: 2016 साली सिंधुदुर्गात पसरलेला माकडताप गोचिडीमार्फत येतो, तो घाटमाथ्याच्या दमट जंगलांचा आजार असला तरी अंगाला चिकटलेली गोचीड ओढून चिरडू नये, तिला चटका देऊ नये, तर त्वचेलगत चिमट्याने पकडून सरळ वर उचलावी, हा नियम सर्वत्र सारखाच लागू होतो.

विषारी सापांपैकी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींमुळे भारतातील बहुसंख्य सर्पदंशमृत्यू होतात आणि त्या चौघांच्या सवयी वेगवेगळ्या असल्याने बचावाचे उपायही वेगळे ठरतात. घोणस सोयाबीनच्या तासात किंवा पाचोळ्यात वेटोळे घालून निश्चल पडते. तिच्या पाठीवरच्या तपकिरी साखळीसारख्या ठिपक्यांमुळे वाळल्या काडीकचऱ्यात ती दिसेनाशी होते आणि पाय अगदी जवळ येईपर्यंत ती हलत नाही. नंतर ती प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा दीर्घ फूत्कार टाकते, पण तोपर्यंत उशीर झालेला असू शकतो. तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, त्यामुळे दवाखान्यात रोग्याचे थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवतात आणि नळी आडवी करून ते गोठले की नाही हे पाहतात. ही साधी तपासणी खेड्यातल्या आरोग्य केंद्रातही होऊ शकते आणि तिच्यावरून उपचाराची दिशा ठरते.

मण्यारीची गोष्ट याहून फसवी आहे. काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला हा साप रात्रीच फिरतो, आणि जमिनीवर गोधडी टाकून झोपलेल्या माणसाच्या अंगाखाली किंवा कुशीशी येऊन चावतो. तिचे दात बारीक असल्याने दंशाची खूण अनेकदा सापडत नाही, सूज येत नाही, वेदना नसते. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि नंतर श्वासाचे स्नायू लुळे पडतात. घरची माणसे अपचन समजून घरगुती उपाय करत राहतात आणि मोलाचे तास निघून जातात. याचा प्रतिबंध मात्र आश्चर्य वाटावे इतका सोपा आहे: नेपाळच्या तराईत झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका लक्षणीय कमी असल्याचे दिसून आले. डासांसाठी घेतलेली मच्छरदाणी, कडा गादीखाली नीट खोचल्या तर, मण्यारीलाही अडवते. आणि तीच मच्छरदाणी जमिनीऐवजी बाजेवर किंवा माळ्यावर लावली तर जागलीतली मधली डुलकी बरीच निर्धोक होते.

अमेरिकेतील हौशी शिकाऱ्यांची स्थिती इथे ताडून पाहण्यासारखी आहे. तिथे हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम हिवाळ्याच्या तोंडाशी असला तरी कॅलिफोर्नियाच्या किनारी भागात तिरकमठ्याचा हंगाम जुलैतच उघडतो आणि दक्षिण कॅरोलिनाच्या काही भागांत खाजगी जमिनीवर 15 ऑगस्टपासून शिकार करता येते. या लवकरच्या हंगामासाठी तिथला शिकारी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत दात न शिरणारे बूट घालतो, गोचिडींना मारणाऱ्या पर्मेथ्रिन या द्रव्यात आधीच भिजवून वाळवलेले कपडे वापरतो, अंगाला कीटकरोधक मलम लावतो आणि परतल्यावर गोचिडींसाठी सर्वांग तपासतो. त्या देशात दरवर्षी 7,000 ते 8,000 लोकांना विषारी सर्पदंश होतात आणि त्यांपैकी सुमारे 5 जण दगावतात. भारतातील मृत्यूंचा एक व्यापक अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार 2000 ते 2019 या वीस वर्षांत सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000, आणि त्यांतील सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. दोन्ही देशांतले साप, लोकसंख्या आणि दवाखान्यांचे अंतर वेगळे आहे हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच, ती म्हणजे हौसेसाठी गवतात उतरणाऱ्या माणसाच्या पायांत बूट आहेत आणि पोटासाठी उतरणाऱ्याच्या पायांत चप्पल.

बुलढाणा-जालना सीमेच्या या पट्ट्याला विषबाधेच्या वैद्यकात एक अभिमानास्पद जागाही आहे. विंचूदंशावरील संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे आणि 2022 साली पद्मश्रीने गौरवले गेलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर हे भोकरदन तालुक्यातील देहेड गावचे. त्यांचे कार्य कोकणात महाडला झाले. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर येणारा ताण प्राझोसिन या गोळीने आटोक्यात येतो हे त्यांनी दाखवून दिले आणि त्यामुळे पूर्वी दंश झालेल्यांपैकी अनेकांचा बळी घेणारा हा आजार बहुतेक वेळा बरा होण्याजोगा झाला. खेड्यात, मर्यादित साधनांनिशी आणि रोग्याच्या उशाशी बसून असे ज्ञान तयार होऊ शकते, याचा हा जिता दाखला आहे.

सर्पदंशावरचे खरे औषध एकच, प्रतिसर्पविष. ते वरील चारही जातींच्या विषावर चालते, त्यामुळे साप ओळखण्यासाठी त्याच्या मागे धावण्याचे किंवा त्याला मारून दवाखान्यात नेण्याचे कारण नाही. दंशाच्या वर दोरी करकचून बांधल्याने हात-पाय कायमचा निकामी होऊ शकतो, जखम चिरल्याने रक्तस्राव वाढतो, आणि मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही. दंश झालेला पाय हाडमोड झाल्याप्रमाणे फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा, रोग्याला चालू देऊ नये आणि गाडीत घालून निघावे. रात्री शेतात एकट्याने असणे हाच या बाबतीत सर्वांत मोठा धोका ठरतो, कारण लुळा पडू लागलेला माणूस स्वतः फोनही करू शकत नाही. शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून आळीपाळीने जागल धरली तर झोप मिळते आणि सोबतही राहते.

काही घातक उपायांचा उल्लेख टाळता येणार नाही. कुंपणाच्या तारेत घरगुती वाहिनीची वीज सोडल्याने रोही मरतोच, पण बांध ओलांडणारा शेजारी, त्याचे पोर किंवा बैलही मरतो आणि तो सदोष मनुष्यवध ठरू शकतो; सौर ऊर्जेवर क्षणिक, सौम्य झटका देणारे मान्यताप्राप्त कुंपण हा त्याला सुरक्षित पर्याय आहे. बुजगावणे आणि फटाके यांना प्राणी थोड्याच दिवसांत सरावतात, म्हणून त्यांची जागा आणि वेळ सतत बदलावी लागते. वाऱ्याचा अंदाज मात्र कधी जुना होत नाही: सूर्य चढला की तापलेली हवा उतारावरून वर सरकते आणि सांजेनंतर निवलेली हवा नाल्याकडे उतरते, त्यामुळे राखणदार माळाच्या बाजूला, उताराच्या वरच्या अंगाला बसला तर त्याचा वास नाल्याकडून येणाऱ्या प्राण्यांना आधीच लागतो आणि ते शेतात पाय ठेवण्यापूर्वीच वळतात. शिकाऱ्याला वास लपवायचा असतो. राखणदाराने तो मुद्दाम पसरवायचा.

केंद्र सरकारने 2024 च्या मार्चमध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्याचे उद्दिष्ट 2030 पर्यंत सर्पदंशमृत्यू निम्म्यावर आणण्याचे आहे. ते गाठायचे असेल तर मृग लागण्याआधीच ग्रामीण आरोग्य केंद्रांत प्रतिसर्पविषाचा साठा आणि रात्रपाळीचा डॉक्टर हवा, आणि बियाण्याच्या यादीतच गमबूट, चांगली बॅटरी व मच्छरदाणी यांची खरेदी बसायला हवी. शेतकऱ्याचा सर्पदंश, विंचूदंश किंवा जनावराच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना 2 लाख रुपये मिळतात. त्यासाठी शवविच्छेदन अहवाल आणि पोलिसांचा पंचनामा लागतो, म्हणून अशा मृत्यूची नोंद टाळून परस्पर अंत्यविधी उरकू नयेत. आणि दंश झाल्यावर, साप कोणता होता याची खातरजमा करण्याआधी, 108 क्रमांकावर फोन करावा.